छायाचित्र क्रमांक एकतीस

सोमवार, ६ मे २०२४

डॉक्टर म्हणतात, रक्तदाब वाढतोय, मनात असेल ते लिहून काढत जा. माझ्या मनात विशेष काही नसतं. तरी वही आणली आहे, तेव्हा लिहीन.

वही नवी आहे म्हणून एकदाच नोंद करून ठेवते. मी थीओडोरा स्लोकम, वय अडुसष्ट, टॅलकटच्या वेदरिल संग्रहालयाची संग्रहपाल. बारा जूनला संग्रहालयाला शंभर वर्षं पूर्ण होतात. मिस ऑगस्टा वेदरिल यांनी आपलं घर, त्यातली चित्रं आणि बाकी सगळ्या वस्तू गावाला दिल्या, पण अट घातली. शंभर वर्षांत एकही वस्तू आहे त्या जागेवरून हलवली आणि ती वर्षाहून जास्त तशीच राहिली, तर सगळा संग्रह नदीपलीकडच्या पेनिमन महाविद्यालयाकडे जाईल. दर दहा वर्षांनी महाविद्यालयाचा माणूस १९२४ची छायाचित्रं घेऊन येतो आणि खोली-खोली ताडून बघतो. या जूनमधली तपासणी शेवटची. ती पार पडली की अट संपली, वस्तू गावाच्या.

महाविद्यालयाला विज्ञानाची नवी इमारत बांधायची आहे. आपली स्वतःची चित्रं त्यांनी गेल्याच वर्षी लिलावात काढली. आमची मिळाली तर नाताळापर्यंत एकही शिल्लक राहणार नाही.

मला काळजी नाही. माझ्या चाळीस वर्षांत इथली टाचणीसुद्धा हललेली नाही.

गुरुवार, ९ मे

तपासणीआधीची सफाई सुरू केली. आमची पद्धत ठरलेली आहे. वस्तू उचलायच्या आधी तिच्या तळाभोवती कापलेला कागद ठेवायचा, वस्तू पुसायची आणि कागदावरच्या बाणाप्रमाणे परत ठेवायची. उचलताना दोन माणसं हवीतच. दुसरं माणूस म्हणजे फिलोमेना, वीस वर्षं इथं झाडलोट करते. तोंड सतत चालू.

आज म्हणाली, "बाई, ही तुमची ऑगस्टाबाई मेली तेव्हा चष्मा कुठे ठेवला होता, तेही जपून ठेवलंय आपण. माझ्या नवऱ्याला स्वतःचा चष्मा रोज सापडत नाही."

"हात हलव, तोंड नको," मी म्हटलं.

"दोन्ही हलतात हो. पोर्तुगीज आहे मी."

संचालक कीथ ब्रॉडहर्स्ट शताब्दीचं पुस्तक काढतायत. जुन्या छायाचित्रांच्या मूळ काचा, म्हणजे निगेटिव्ह, तळघरात आहेत, त्यांवरून नव्या प्रती काढायला त्यांनी कोझिओल नावाच्या छायाचित्रकाराला बसवलंय. जुन्या प्रती चांगल्या असताना नव्या कशाला, हे मला कळत नाही. ब्रॉडहर्स्ट चव्वेचाळीस वर्षांचे आहेत आणि सगळ्यांशी हसून बोलतात. अशा माणसाला काय सांगणार?

मंगळवार, १४ मे

कोझिओलने आज प्रती आणून टेबलावर मांडल्या. स्वच्छ आहेत, मान्य करते. पण एकतीस नंबरची उलटी निघाली आहे.

एकतीस म्हणजे पत्रांच्या खोलीतलं काचेचं कपाट. मिस वेदरिल तिथे बसून पत्रं लिहीत. कपाटात सतरा वस्तू आहेत. वरच्या फळीवर डावीकडे कांस्याचा ससा, मधे आल्याच्या मुरंब्याची चिनी बरणी, उजवीकडे निळी झारी. कोझिओलच्या प्रतीत झारी डावीकडे आणि ससा उजवीकडे. खालच्या फळ्याही तशाच, आरशात बघावं तशा.

मी म्हटलं, "मिस्टर कोझिओल, काच पालथी घातलीत तुम्ही. शाळेतल्या मुलानेही असं केलं नसतं."

तो दाढी खाजवत म्हणाला, "नाही घातली, बाई."

"माझ्याकडे १९२४ची प्रत आहे."

"मग ती पालथी असेल."

उद्या तळघरात काच दाखवतो म्हणाला.

बुधवार, १५ मे

काच बघितली. कोझिओल शांतपणे समजावत होता आणि मला ते अधिकच लागत होतं.

काचेची एक बाजू चकचकीत असते, दुसऱ्या बाजूवर रसायनाचा थर असतो, तो मंद दिसतो. हा थर कागदाला चिकटवून प्रत काढायची. काच पालथी पडली तर चित्र उलटं येतं आणि थर आणि कागद यांच्यामधे काचेची जाडी आल्यामुळे थोडं पुसटही होतं.

"तुमची जुनी प्रत पुसट आहे का?" त्याने विचारलं.

आहे. आम्ही सगळे समजत होतो, त्या दिवशी उजेड कमी असेल.

"आणि काचेच्या कडेला हे बघा. छायाचित्रकाराने थरावर सुईने नंबर कोरलाय. नंबर सरळ वाचता आला, की चित्रही सरळ. बाकीच्या चाळीस काचा त्याने बरोबर छापल्या. ही एक करताना जेवायची वेळ झाली असेल बिचाऱ्याची."

मी वर आले आणि कपाटासमोर उभी राहिले. झारीच्या तोटीशेजारी एक टवका उडालेला आहे, तोटीच्या उजव्या हाताला. टवका जागा बदलत नाही. कोझिओलच्या प्रतीत तो उजवीकडे आहे. आमच्या जुन्या प्रतीत डावीकडे.

म्हणजे जुनी प्रत उलटी आहे. आणि कपाट जुन्या प्रतीसारखं लावलेलं आहे.

गुरुवार, १६ मे

रात्रभर झोप नाही. पोट बिघडलंय, कालची उकडलेली अंडी शिळी असणार.

शनिवार, १८ मे

कपाट नेहमी असं नव्हतं. हे मला कोझिओलने सांगायची गरज नव्हती.

मी १९८३च्या शरदात इथे आले. तेव्हा संग्रहपाल होते एबनर टटल, अडतीस वर्षं त्याच जागेवर. छायाचित्रं ते कधी बघत नसत. वस्तू हाताच्या सवयीने ठेवायचे. मी कॉलेजात कलेचा इतिहास शिकून आले होते. पुढच्या एप्रिलमधे मी छायाचित्रं घेऊन खोल्या तपासल्या आणि एकतीस नंबरला कपाट उलटं सापडलं. तपासणी दोन महिन्यांवर होती. मी टटलना दाखवलं.

ते म्हणाले, "मी काही हलवलेलं नाही, पोरी. ऑगस्टाबाईंच्या मोलकरणीने मला शिकवलं ते असंच."

मी म्हटलं, "फोटो खोटं बोलत नाही."

मग मी विश्वस्तांना अहवाल दिला. माझी कर्तव्यं मला ठाऊक होती. अहवालाची नक्कल आज काढून वाचली. "श्री. टटल विसरभोळे झाले असून दुपारनंतर त्यांच्या तोंडाला वास येतो." वास येत होता, हे खरं आहे. विश्वस्तांनी त्यांना आठवड्याभरात काढलं आणि त्यांची जागा मला दिली. कपाट मी स्वतः, छायाचित्राप्रमाणे, दुरुस्त केलं.

त्या वेळची माझी टिपणवहीही सापडली. त्यात एक ओळ आहे: "झारीचा टवका फोटोत डाव्या बाजूला दिसतो. कागदावरचा डाग असावा."

म्हणजे मी बघितलं होतं.

मंगळवार, २१ मे

आज ब्रॉडहर्स्ट दारात डोकावले. "स्लोकमबाई, गोड बातमी! पुस्तकाची कच्ची प्रत पेनिमनला पाठवली. शेजारधर्म!"

"सगळी पानं?" मी विचारलं.

"सगळी. का हो?"

"काही नाही. पत्ता नीट लिहिलात ना?"

"लिहिलाय, लिहिलाय. तुम्ही जरा बसा बघू, चेहरा पांढराफटक झालाय."

म्हणजे आता महाविद्यालयाकडे दोन छायाचित्रं आहेत, एक उलटं, एक सरळ. तपासनीस कोणतं आणणार? जुनं आणलं तर कपाट आज आहे तसं बरोबर ठरेल. नवं आणलं तर चुकीचं ठरेल, आणि चाळीस वर्षं चुकीचं होतं हे निघायला किती वेळ लागेल? माझा अहवाल विश्वस्तांच्या दप्तरात आहे. त्यावर तारीख आहे, माझी सही आहे.

दोनशे चौदा वस्तू. गावातली प्रत्येक शाळा इथे येते. मी वहीतल्या एका ओळीत टवक्याला डाग म्हटलं म्हणून हे सगळं जाणार.

शुक्रवार, २४ मे

ब्रॉडहर्स्टनी पुस्तकातून एकतीस नंबरचं पान काढून टाकलं. "जरा अस्पष्ट होतं," म्हणाले. अस्पष्ट! सगळ्या पुस्तकात तेच पान सर्वांत स्वच्छ होतं. या माणसाला डोळे आहेत की बटणं? म्हणे पेनिमनलाही फोन करून सांगितलं, ती कच्ची प्रत फेकून द्या, दुसरी पाठवतो. आणि जाता जाता माझ्या टेबलावर कॉफी ठेवून गेले, दूध घातलेली. मी दूध घेत नाही, हे त्यांना सहा वर्षांत कळलेलं नाही.

एकदा पाठवलेली प्रत कोण फेकतं? त्यांनी ती बघितलीच असणार.

बुधवार, २९ मे

महाविद्यालयाच्या मिस्टर क्विंबींचा फोन. मालमत्ता विभागाचे उपाध्यक्ष. बारा तारखेला तेच येणार आहेत.

"शेवटची वेळ आहे, तेव्हा या खेपेला बारकाईने बघणार आहोत आम्ही," ते म्हणाले आणि हसले. "धूळ झटकताना काही हलवू नका हं."

फोन ठेवल्यावर रिसीव्हरवर माझ्या तळहाताचा ओला ठसा होता. खिडक्या उघडायला सांगितल्या. खोलीत उकडतं.

संध्याकाळच्या टपालात निमंत्रणांची उत्तरं आली. ब्रॉडहर्स्टनी सगळ्या जुन्या नोकरांच्या घरी निमंत्रणं धाडलीत, मला न विचारता. एक कार्ड प्रूडन्स टटल यांचं, मुलगी. एल्म स्ट्रीटवर राहते. 'येणार' आणि 'येणार नाही' या दोन्हींवर काट मारून खाली लिहिलंय: "आमचं नाव तुमच्या यादीतून काढा."

कार्ड मी फायलीत लावलं. मग परत काढून पर्समधे ठेवलं. का, ते सांगता येणार नाही.

सोमवार, ३ जून

जेवण जात नाही. फिलोमेनाने तिच्या घरून कोबी-बटाट्याचं सूप आणलं आणि समोर बसून राहिली.

"बाई, पंधरा दिवस त्या कपाटाकडे भूत बघितल्यासारखं बघताय. काय झालंय?"

मी सांगायचं नाही असं ठरवलं होतं. सगळं सांगितलं. टटलचंही.

तिने चमचा खाली ठेवला. मग म्हणाली, "ते म्हातारे माझ्या मुलाच्या शाळेत फरशी पुसायचे नंतर. टटल. पोरं त्यांना 'ससा' म्हणायची."

"ससा? का?"

"कुणी विचारलं की सांगायचे ना, ससा उजवीकडे होता म्हणून. सगळ्यांना सांगायचे. कुणाला काही कळायचं नाही."

मी सूप संपवलं. तिने बघत राहूनच संपवायला लावलं.

"आता काय करायचं?" मी विचारलं. असा प्रश्न मी आजवर कुणाला विचारलेला नाही.

"मला काय विचारता? मी फक्त दुसरं माणूस आहे."

शनिवार, ८ जून

दोनच वाटा आहेत. कपाट आहे तसं ठेवायचं, नाहीतर मिस वेदरिल यांनी ठेवलं होतं तसं करायचं. आज सबंध दिवस कागदावर मांडून बघितलं. क्विंबींकडे कच्च्या प्रतीतलं नवं छायाचित्र असणार, बारकाईने बघणार म्हणालेत. तेव्हा नव्याप्रमाणे लावणं जास्त सुरक्षित. हा निव्वळ तर्क आहे. बाकी कशाचा संबंध नाही.

सोमवार, १० जून

संग्रहालय बंद असतं त्या दिवशीच करणं सोयीचं होतं. सकाळी नऊला फिलोमेना आणि मी हातमोजे घालून पत्रांच्या खोलीत गेलो. सतरा वस्तू. झारी तिने उचलली. मला ते आवडलं नाही, पण बरं झालं.

"ससा कुठे?" तिने विचारलं.

"उजवीकडे."

ती हसली नाही.

जुने कागद मी टोपलीत टाकले. फळीच्या कापडावर नव्या जागी ठेवताना एक गोष्ट दिसली. मखमल त्या जागी आधीच दबलेली होती. झारीच्या तळाएवढं गोल, सशाच्या चार पायांचे चार खळगे. साठ वर्षांच्या वजनाने पडलेले. माझ्या चाळीस वर्षांच्या वस्तूंखाली होते ते ठसे. मी दर वर्षी दोनदा वस्तू उचलून त्यांच्यावरून फडकं फिरवलं आहे.

दुपारी घरी आले आणि खुर्चीतच झोप लागली, चार तास.

बुधवार, १२ जून

सगळं क्रमाने लिहिते.

दहा वाजता मिस्टर क्विंबी आले. गुलाबी टाय, काखेत फाइल. बाहेर हिरवळीवर तंबू, बँड, स्ट्रॉबेरीचा मोठा केक, महापौर, दीडशे माणसं. आत आम्ही चौघं: क्विंबी, ब्रॉडहर्स्ट, विश्वस्तांच्या अध्यक्षा मिसेस लॉथ्रप आणि मी.

पहिल्या खोलीत फाइल उघडली तेव्हाच मला दिसलं. जुन्या प्रती. तपकिरी, कोपरे झिजलेल्या. नवी एकही नाही.

म्हणजे कपाट आता चुकीचं होतं. दोन दिवसांपूर्वी ते बरोबर होतं आणि मी माझ्या हातांनी ते चुकवलं होतं. मी खुर्चीची पाठ धरली, मग आठवलं की ती खुर्ची वस्तू क्रमांक बारा आहे, आणि सोडली.

खोलीमागून खोली. क्विंबी छायाचित्र वर धरायचे, खोलीकडे बघायचे, पेन्सिलने खूण करायचे. "पार्किंगचं काय ठरवलंत तुम्ही? आम्हाला शहरात फार त्रास." पुढची खोली. "मिसेस लॉथ्रप, नातवंडं कशी आहेत?" पुढची.

पत्रांची खोली. त्यांनी एकतीस नंबर वर धरला. छायाचित्रात ससा डावीकडे. कपाटात ससा उजवीकडे. दोन हातांचं अंतर. ब्रॉडहर्स्ट खिडकीकडे तोंड करून उभे होते, मानेवर घाम.

क्विंबींनी छायाचित्राकडे बघितलं. कपाटाकडे बघितलं. आणि खूण केली.

"सुंदर ससा," ते म्हणाले.

प्रत फाइलीत घालताना उलटी झाली तेव्हा मागच्या सह्या दिसल्या. १९३४, ४४, ५४, ६४, ७४. पाचही जणांनी 'यथास्थित' लिहिलेलं. तेव्हा कपाट टटल ठेवायचे तसं होतं, या छायाचित्राच्या बरोबर उलटं. पुढे १९८४पासून चार सह्या, माझ्या कपाटावर. तीच अक्षरं, 'यथास्थित'.

कुणीच कधी बघितलं नव्हतं. नव्वद वर्षांत या कपाटाकडे दोनच माणसांनी नीट बघितलं आणि त्यांतल्या एकीने दुसऱ्याला घालवून दिलं.

मग दिवाणखान्यात टेबलावर प्रतिज्ञापत्र. क्विंबींनी सही केली. त्याखाली संग्रहपालाची सही लागते. मजकूर मला पाठ आहे: 'या वस्तू मिस वेदरिल यांनी ठेवल्या त्याच जागी आजवर अखंड राहिल्या आहेत, असे मी प्रतिज्ञेवर सांगते.' चार वेळा मी यावर सही केली आहे, डोळे मिटून म्हणावं तसं, आणि चारही वेळा ते खोटं होतं. पण तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

क्विंबींनी पेन पुढे केलं. "करून टाका, बाई. केक वाट बघतोय."

पेन हातात घेतलं. बाहेर बँड वाजत होता. एक सही, आणि दोनशे चौदा वस्तू कायमच्या गावाच्या. मिसेस लॉथ्रप हसत होत्या.

मी सहीच्या वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं: 'छायाचित्र ३१मधील कपाट सोडून. ते मी एप्रिल १९८४मध्ये चुकीचे लावले व १० जून २०२४ला पूर्ववत केले. श्री. एबनर टटल यांनी काहीही हलवले नव्हते.' मग सही केली.

क्विंबींनी वाचलं. पुन्हा वाचलं. "तुम्हाला कळतंय ना, हे काय केलंत?"

"चांगलं कळतंय."

"मी खूण केली होती, बाई. झालं होतं सगळं."

"तुम्ही बघितलं नव्हतं."

त्यांचे कान लाल झाले. कागद घडी करून खिशात घातला. महाविद्यालय तीस दिवसांत कळवेल, म्हणाले, आणि केक न खाता गेले.

मिसेस लॉथ्रपना खुर्चीत बसवावं लागलं. ब्रॉडहर्स्ट माझ्याजवळ आले. हसत नव्हते. सहा वर्षांत हा चेहरा मी बघितला नव्हता.

"मी पान काढलं होतं," ते हळू म्हणाले. "कच्ची प्रत गेली त्याच संध्याकाळी कोझिओलने मला सांगितलं होतं. मी पान काढलं, पेनिमनची प्रत स्वतः गाडी घेऊन जाऊन परत आणली. तुमच्यासाठी, या घरासाठी. आणि तुम्ही?"



शनिवार, २२ जून

विश्वस्तांची बैठक झाली. मला बोलावलं नाही. फिलोमेना सांगते, आतून आरडाओरडा ऐकू येत होता.

मंगळवार, २ जुलै

कपडे घालून निघाले आणि दारातून परत आले. गावात वाण्याकडे लोक बोलायचे थांबतात. आता सरळ लिहिते: भीती वाटते. अंड्यांचा काही दोष नव्हता.

रोज एकेका वस्तूची आठवण करते, खोली-खोलीने, डोळे मिटून. लिलावाचा क्रमांक लावलेल्या दिसतात.

गुरुवार, ११ जुलै

महाविद्यालयाचं पत्र आलं. ब्रॉडहर्स्टनी मला बोलावून हातात दिलं, बसायला सांगितलं नाही.

महाविद्यालय संग्रहावर हक्क सांगत नाही. दावा लावायचा तर एकतीस नंबरचं छायाचित्र न्यायालयात ठेवावं लागेल, आणि त्याच्या मागे, क्विंबींची धरून, त्यांच्याच दहा तपासनीसांच्या सह्या आहेत, सहा छायाचित्राशी न जुळणाऱ्या कपाटावर आणि चार जुळणाऱ्यावर. वकिलांनी सांगितलं असणार की कोर्टात हसं होईल. पत्रात तसं लिहिलेलं नाही. पत्रात 'सदिच्छा' असा शब्द आहे.

"वाचलो," ब्रॉडहर्स्ट म्हणाले. "तुमच्यामुळे नाही."

"नाही," मी म्हटलं.

राजीनामा टेबलावर ठेवला. त्यांनी घेतला. मग दाराशी म्हणाले, "टटलच्या घरी कोण जाणार आहे? पत्र पाठवू म्हणत होतो."

पत्र पाठवू नका, मीच एल्म स्ट्रीटला जाते, म्हटलं.

शनिवार, १३ जुलै

सकाळी अकराला गेले. पिवळं घर, पुढे ओटा, जाळीचं दार. शेजारी एक गृहस्थ गवत कापत होते. मी बेल वाजवली तेव्हा मनात आलं, घरी नसतील तर बरं. होत्या.

प्रूडन्स टटल पंच्याहत्तर वर्षांच्या आहेत, उंच, बापासारख्या. जाळी उघडली नाही.

"कोण ते मला माहीत आहे," त्या म्हणाल्या. "काय हवंय?"

"मी तुमच्या वडिलांबद्दल सांगायला आले."

"चाळीस वर्षांपूर्वी सांगितलंत की. लेखी. तोंडाला वास येतो म्हणून. खोकल्याचं औषध घ्यायचे ते, बाई. आईने विश्वास ठेवला तुमच्या कागदावर. मरेपर्यंत त्यांचे कपडे हुंगायची."

मी घरून वाक्यं तयार करून आणली होती. एकही राहिलं नाही.

"त्यांनी काही हलवलं नव्हतं," मी म्हटलं. "फोटो उलटा होता. कपाट मी हलवलं."



"त्यांनी तुम्हाला किती वेळा सांगितलं होतं?"

"तीनदा."

"आणि तुम्ही?"

"फोटो दाखवला."

त्या आत गेल्या. दार लोटलं नाही, तेव्हा मी थांबले. परत आल्या तर हातात फोन होता. नंबर लावून त्यांनी जाळी उघडली आणि फोन माझ्यापुढे धरला.

"माझा भाऊ आहे. ॲरिझोनात असतो, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. त्याने त्या वर्षी बाबांशी बोलणं टाकलं ते टाकलंच. सांगा त्याला. कान गेलेत त्याचे, हळू बोललेलं चालायचं नाही."

मी सांगितलं.

"काय?" फोनमधून आवाज आला. "कोण बोलतंय? काही कळत नाही!"

"मोठ्याने," प्रूडन्स म्हणाल्या.

मी ओट्याच्या कठड्याला धरलं. जन्मात कधी रस्त्यावर आवाज चढवलेला नाही. शेजारच्यांनी यंत्र बंद केलं आणि वर बघितलं.

मी ओरडून सांगितलं, "तुमच्या वडिलांनी काहीही हलवलं नव्हतं! मी हलवलं! ससा उजवीकडेच होता!"



"पुन्हा," प्रूडन्स म्हणाल्या.